फोटोच्या कॅमेऱ्यात सापडलेला भोंगा

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती, म्हणजे 'आम्हाला कोणी सांगितलेच नाही' ही पळवाट पुढे कोणास उरू नये.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार: मी आणि माझी नात ऋचा सोलापूरहून श्रीपुरास गेलो. जबाबदार: मी स्वतः. कोणाचीही सक्ती नव्हती.

दुसरा दिवस, शनिवार: श्रीपूरपासून थोड्या अंतरावरच्या एका साखर कारखान्याच्या समारंभात आमचा कॅमेरा ऐन वेळी थांबला. जबाबदार: 'दोन शब्द' बोलणारे प्रमुख पाहुणे, आणि सातासमुद्रापलीकडचा एक जकात अधिकारी, ज्याचे नाव मला अद्याप मिळालेले नाही.

दिवाळीनंतरचा दुसरा बुधवार: सोलापुरात पडदापर्व लघुपट महोत्सव समितीने ऋचाचा लघुपट आधी वाखाणला आणि समोरचा चहा निवण्यापूर्वी बाद केला. जबाबदार: समितीचे सचिव, तसेच पुण्याहून आलेले एक परीक्षक, ज्यांनी सोलापूरच्या उन्हातही गळ्यातला लोकरी मफलर काढला नाही.

तोच बुधवार, संध्याकाळ: दस्तगीरभाई सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून गावी परत गेले. जबाबदार: वरीलप्रमाणे.

आता प्रवासाचा वृत्तांत. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांना ऊस, धुराडी आणि माणसे यांची थोडी ओळख व्हावी हा एक हेतू. दुसरा हेतू शेवटी येईल.

सोलापूर, निघण्यापूर्वी

माझी उभी नोकरी न्यायखात्यात झाली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. त्या काळात तालुक्याच्या कोर्टात बांधावरच्या मारामारीचा एक खटला चालला होता. मारामारी दुपारच्या भोंग्याच्या आधी झाली की नंतर, यावर सारे अडले होते. म्हणून कारखान्यात भोंगा वाजवणाऱ्या माणसाला साक्षीस बोलावले. तेच दस्तगीरभाई. उंच, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे पाहणारे. भोंग्याने त्यांचे कान तेव्हाच अर्धे नेले होते.

आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत आवाज चढवून विचारले, "भोंगा वाजला हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिले का?"

"पाहिला न्हाय साहेब. वाजवला."

"म्हणजे पाहिला नाही!"

"साखळी खाली असती, भोंगा वर पत्र्यावर. मी वडायचो. बघायला वर कोन जानार?"

कोर्ट हसले, न्यायाधीशही हसले. दस्तगीरभाई हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, वकील बराबर बोलला की. इतकी वर्सं वाजवतोय, पन वाजताना कसा दिसतो ते ठावं न्हाय." रजेच्या दिवशी का पाहिला नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "रजेला मी गावात असायचो. भोंगा वाजला की मानूस घड्याळाकडं बघतो. वर कोन बघतंय?"

तेव्हापासून आमची ओळख. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचे तर लिहून दाखवावे लागते. मी आजवर कलेक्टर कचेरीपासून पोस्टमास्तरपर्यंत शेकडो पत्रे लिहिली, पण माझे लेखन इतक्या लक्षपूर्वक वाचणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

यंदा त्यांनी निरोप पाठवला. कारखाना विजेचा भोंगा बसवतो आहे. वाफेचा जुना भोंगा हंगामाच्या आरंभी एकदाच, शेवटचा वाजणार. आणि त्यांची जुनी चाकरी ध्यानात घेऊन कारखान्याने त्यांचा सन्मान योजला होता: साखळी त्यांनीच ओढायची. म्हणजे या शेवटच्या वेळीही ते खालीच, बॉयलरघरात. सन्मान कसा करावा, हे कारखान्याकडून शिकावे.

निरोपाच्या शेवटी एक ओळ होती: 'नात कॅमेऱ्याचं काम करती म्हनता, तर तिला घिऊन या. ती वर बघंल.'

ऋचाजवळ असलेला कॅमेरा छायाचित्रणाचा आहे. तो तिने एका ओळखीच्या छायाचित्रकाराकडून वापरलेला घेतला आणि उजनीच्या पाणवठ्यावर रोहित पक्षी टिपून हात बसवला. त्यात चलचित्रणही होते. तिला या भोंग्यावर लघुपट करायचा होता आणि तो पडदापर्व महोत्सवात द्यायचा होता. महोत्सवाचा सातवा नियम मी तिला वाचून दाखवला: छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यावर केलेले लघुपट स्वीकारले जाणार नाहीत, 'कारण त्यांत मोठ्या पडद्यास पुरेल असा तपशील नसतो'.

"मग कशाला जायचं, आजोबा?" ती म्हणाली.

मी तिला सांगितले की नियम कारण न देता उभा असता तर मी गप्प बसलो असतो. याने कारण दिले आहे. कारण खोटे ठरले की नियम लंगडा होतो. तपशील पुरेल असे तू दाखव, पुढचे माझ्याकडे लागले.

नव्या पेठेत कॅमेऱ्याची तिवई भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराला मी मुद्दाम विचारले, या कॅमेऱ्यावर सिनेमा होतो का. तो हसून म्हणाला, "काका, आख्खं सोलापूर ह्याच्यावर लग्न लावतंय. हळदीपासून पाठवणीपर्यंत. नवरी रडली की एकेक थेंब मोजून घ्या." तज्ज्ञाचे मत म्हणून मी हे टिपून ठेवले.

शुक्रवार, श्रीपूर

एसटीचा प्रवास वगळतो. त्यात सांगण्यासारखे एवढेच की तिवई मांडीवर आडवी धरल्याबद्दल वाहकाने तिचे अर्धे तिकीट मागितले आणि मी त्यास नियम दाखवण्याची विनंती केल्यावर तो पुढच्या थांब्यापर्यंत आमच्या बाजूस फिरकला नाही.

श्रीपूर जवळ आले की हवा बदलते. सोलापुरात उन्हाला चुन्याचा आणि डांबराचा वास येतो. इथे मळीचा येतो, गोड आणि आंबलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती, मधून चाललेल्या बैलगाड्या, आणि दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, जे कोणालाही वाट देत नाहीत. आमच्याकडे रिक्षावाला निदान शिवी देतो. इथला ट्रॅक्टरवाला गाणे लावतो आणि पुढे पाहतो. ऋचाने एसटीच्या खिडकीतून एका ट्रॅक्टरचे चित्रण केले. नंतर कॅमेऱ्यात पाहिले तर रस्त्याकडेचे विजेचे सारे खांब तिरके, जणू पिऊन उभे. मी कारण विचारले. ती म्हणाली, हा कॅमेरा चित्र वरून खाली एकेक ओळ वाचतो, तेवढ्यात जवळचा खांब मागे सरकतो. हा दोष आहे, आणि मी तो इथे लिहून ठेवतो. विरुद्ध बाजूने तो उकरून काढण्याची वाट मी पाहत नाही.

दस्तगीरभाईंचे घर कारखान्याच्या कामगार वसाहतीच्या मागे, दोन खोल्यांचे. त्यांच्या पत्नी हाजराबी, ज्यांना मी भाभी म्हणतो, दारातच उभ्या होत्या. चहा आला. आमच्या सोलापुरात चहात साखर असते. तिकडे साखरेत थोडा चहा असतो. मी मधुमेहाचे कारण सांगितले तर भाभी म्हणाल्या, "हितं आमी साखर मोजत न्हाय. बिनसाखरेचा दिला तर लोकं म्हनतील भांडान झालंय."

मी नेलेली शेंगाचटणी त्यांनी बोटाने चाखली. "मिक्सरमधली हाय व्हय?"

"दुकानातली आहे."

"तरीच. कुटली की तेल सुटतंय. ही निस्ती कोरडी, सोलापूरच्या हवेवानी." मग ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी आणि त्यांची स्वतःची कुटलेली चटणी पुढे आली. माझ्या चटणीच्या बाजूने मला काहीही म्हणायचे उरले नाही.

जेवताना दस्तगीरभाई कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट करत होते. "एवढासाच?" त्यांनी ऋचाला विचारले. तिने मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले: 'पुरतो.'

"पुरंल तर. कान गेले, आता डोळ्यांचा नंबर लागलाय. उजव्या डोळ्यात पांढरं धुकट आलंय. डाक्टर म्हनतोय, बघायचं आसंल ते बघून घ्या."

हे ते हसत म्हणाले. भाभींनी त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

शनिवार, कारखाना

कारखान्याचे नाव देत नाही. अब्रूनुकसानीचा कायदा मला ठाऊक आहे आणि त्यांच्या पाहुण्यांच्या वकिलांनाही ठाऊक असेल.

फाटकावर पहारेकऱ्याने परवानगीचे पत्र वाचले: स्थिर छायाचित्रणास हरकत नाही, चित्रीकरणास सक्त मनाई.

"कॅमेरा कसला हाय?"

"छायाचित्रणाचा. याच नावाने तो विकला जातो," मी म्हणालो. दोन्ही विधाने सत्य होती.

"शूटिंगचा न्हाय न्हवं? शूटिंगचा लई मोठा असतोय. खांद्यावर घेत्यात, मागं एक मानूस छत्री धरून."

"आमच्याकडे छत्री नाही."

"मग जावा."

वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. या फाटकावर हे यंत्र निःसंशय फोटोचे ठरले, कारण ते लहान होते.

ऋचा उपाहारगृहाच्या गच्चीवर गेली. तिथून बॉयलरघराचा पत्रा आणि त्यावरचा पितळी भोंगा समोर दिसत होता. आकाश मात्र पांढरे फटक. पांढऱ्या आकाशावर पांढरी वाफ दिसणे म्हणजे दुधात भात शोधणे, पण तो तिचा प्रश्न होता. मी बॉयलरघरात दस्तगीरभाईंजवळ थांबलो. त्यांना इशारा ऐकू येणार नाही, म्हणून पहिली मोळी गव्हाणीत पडताच मी त्यांच्या खांद्यावर थाप मारायची, असे ठरले होते. गव्हाण म्हणजे ऊस गाळायला आत खेचणारा लांबलचक पट्टा. त्यावर पूजा करून उसाची पहिली मोळी टाकली की हंगाम सुरू होतो. झरोक्यातून मला ती दिसत होती.

कार्यक्रमपत्रिकेत आधी मोळी, मग भोंगा, मग भाषणे असा क्रम होता. सर्व जण जागेवर आले, पुजाऱ्याने नारळ उचलला, ऋचाने चित्रण सुरू केले. त्याच क्षणी प्रमुख पाहुण्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मोळी टाकायच्या आधी मी फक्त दोन शब्द बोलणार आहे."

मी कोर्टात पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. तारखेवर तारीख घेणारे वकील ऐकले आहेत. पण दोन शब्दांत आपले बालपण, आपले आजोळ, परदेश दौऱ्यात पाहिलेला बीट, साखरेचे जागतिक भवितव्य आणि विरोधकांची झोप एवढे कोंबणारा वक्ता मी प्रथमच ऐकला. फेटे बांधलेली मंडळी घामाने भिजली. पुजाऱ्याने नारळ खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. दस्तगीरभाई साखळीला हात लावून, पत्र्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना भाषण ऐकू येत नव्हते. त्या आवारात देवाची कृपा त्यांच्यावरच होती.

अखेर मोळी पडली. मी थाप मारली. त्यांनी साखळी ओढली.

कानात कापसाचे बोळे घालूनही तो आवाज माझ्या दातांतून आत शिरला. जमीन हलत होती. दस्तगीरभाई वर पत्र्याकडे पाहत होते, जणू तो पारदर्शक होईल. मग त्यांनी माझ्याकडे वळून काही विचारले. मला ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. ओठांवरून मला कळले: "वाजला का?"

मी मान डोलावली. आम्ही दोघेही ठार बहिरे, एकमेकांकडे पाहत उभे होतो, आणि आजूबाजूचा सगळा मुलूख ते ऐकत होता.

बाहेर आलो तेव्हा ऋचा गच्चीच्या पायरीवर बसली होती. चेहरा उतरलेला. "आजोबा, कॅमेरा आधीच बंद पडला होता. मी वर भोंग्याकडं बघत राहिले, आणि भाषण संपायच्या आतच चित्रण थांबलं होतं."

"बॅटरी?"

"नाही. अर्धा तास झाला की तो आपोआप थांबतो."

मी कारण विचारले. तिने सांगितलेले कारण मी येथे जसेच्या तसे नोंदवतो. परदेशात कुठेतरी असा जकातीचा नियम होता म्हणे की अर्ध्या तासाहून जास्त सलग चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरते आणि त्यावर अधिक कर बसतो. तो कर चुकवण्यासाठी बनवणाऱ्यांनी अशा कॅमेऱ्यांना अर्ध्या तासाच्या आत गप्प बसायला शिकवले. नव्या कॅमेऱ्यांतून ते बंधन बरेचसे गेले. तिच्या जुन्या कॅमेऱ्यात ते राहिले. म्हणजे कोणा परक्या मुलखातल्या जकात अधिकाऱ्याने कागदावर एक व्याख्या लिहिली आणि त्यामुळे आमच्या जिल्ह्यात, गव्हाणीसमोर, दस्तगीरभाईंचा भोंगा हुकला. व्याख्येने माणसाचे नुकसान होते हे मी नोकरीत रोज पाहिले. ती एवढा लांबचा प्रवास करते हे पाहिले नव्हते.

"म्हणजे काहीच मिळाले नाही?"

"मोळी पडली तेव्हा मी खाली कॅमेऱ्याकडं पाहिलं. चित्रणाचा लाल ठिपका नव्हता. मग हात आपोआप गेला. चक्र फोटोवर फिरवलं आणि बटण दाबून धरलं. पक्षी उडताना करते तसं." तिने चक्र फिरवून दाखवले. "वाफ येत होती तोवर फोटो पडत राहिले. धडाधड. पण आवाज नाही, चित्रण नाही. नुसते फोटो."

कारखान्याच्या पत्रातील अटीचे आमच्याकडून अशा रीतीने तंतोतंत पालन झाले, हे मी नम्रपणे निदर्शनास आणतो. उल्लंघन झाले ते फक्त भाषणाचे चित्रण करण्यात, आणि त्याची शिक्षा आम्ही ते ऐकून भोगली.

शनिवार दुपार, दस्तगीरभाईंचे घर

ऋचाने ते फोटो लॅपटॉपवर ओळीने लावले आणि वेगाने पळवले. वाफ हलू लागली. सुरळीत नव्हे, किंचित अडखळत, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. पण चढत होती. मी चष्मा पुसून पाहिले. पांढऱ्या आकाशावर पांढरी वाफ, आणि तिच्या कडा वेगळ्या दिसत होत्या. ऋचा म्हणाली, चलचित्रणात हे सपाट झाले असते. एकेका फोटोत मोठ्या पडद्याला लागतात त्याच्या दुपटीहून अधिक ठिपके आहेत, आणि उजेडाची माहितीही जास्त.

दस्तगीरभाई पडद्याला नाक लावून बसले होते. "मला निस्तं पांढरं दिसतंय गं. मोठं कर की."

तिने पहिल्याच फोटोचा एक कोपरा मोठा केला. भोंग्याच्या तोंडाशी पाण्याचे थेंब उडाले होते. सुटे, स्वच्छ, मोत्यांसारखे.

ते ओरडलेच. "पानी! हाजरा, ह्ये बघ, पानी थुकतोय! वाफेच्या आधी नळीतलं पानी भाईर टाकतो त्यो. माज्या हाताला कळायचं, साखळी थरथरायची. मला वाटायचं माजाच हात कापतोय."

भाभी चुलीजवळून म्हणाल्या, "हातच कापायचा. घाबरट हायसा."

त्यांना ते ऐकू आले नाही, म्हणून वाद झाला नाही. "आता सगळा दाव," ते ऋचाला म्हणाले. तिने सगळा दाखवला तर पुन्हा निस्ते पांढरे. थेंब पाहावेत तर भोंगा नाही, भोंगा पाहावा तर थेंब नाहीत. दोन्ही एकदम दिसायला चित्र भिंतीएवढे हवे होते.

ऋचाने मोबाईलवर लिहिले: 'घरी चादर लावून, यंत्र भाड्याने आणून मोठं दाखवू का?'

त्यांनी वाचले आणि मान हलवली. "घरात नगं. भोंगा काय घरात वाजायचा व्हय? सगळ्या मुलखाला जायचा. चारचौघांत बघीन. तुमच्या त्या सोलापुरातल्या मोठ्या पडद्याव."

सोलापूरच्या पडद्याकडे कोणी इतक्या आदराने पाहते, हे ऐकून मला शहराचा अभिमान वाटला. तो पुढे बुधवारपर्यंत टिकला.

सोलापूर, दिवाळीनंतरचा दुसरा बुधवार

ऋचाने लघुपट पुरा केला. त्यात दस्तगीरभाईंचे बोलणे, भाकरी थापणाऱ्या भाभी, उसाच्या गाड्या, आणि शेवटी ती वाफ. वाफ येते तेव्हा तिने आवाज पूर्ण काढून टाकला. "त्यांना जसा ऐकू येतो तसा," एवढेच ती म्हणाली. दस्तगीरभाई सकाळच्या गाडीने आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. निवडीच्या चाचणीस फक्त स्पर्धक आणि एक पालक आत जाऊ शकतो, असे दारावरच्या मुलीने सांगितले. मी त्यांना लिहून दाखवले: 'आज निवड. निवड झाली की रविवारी सर्वांसमोर.' ते पायरीवर बसले. "बसतो की. मला कुटं भाषन ऐकायचंय?"

आत लघुपट मोठ्या पडद्यावर लागला. शेवटी भोंगा आला. तो भिंतीएवढा होता. थेंब आधी, मग वाफ, आणि आकाशापासून वेगळी तिची प्रत्येक घडी. 

दिवे लागले. मफलरवाले परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "हा काळ बघा, थांबत थांबत चढतो. फार धाडसी निर्णय. आणि आवाज काढून घेणं! वा! तपशील तर असा की हात लावला तर भाजेल."

सचिवांनी मान डोलावली. "सर, हेच आपण मोठा पडदा म्हणतो."

"कॅमेरा कोणता वापरलास, मुली? मुंबईहून भाड्याने आणला असणार."

ऋचाने खांद्यावरच्या पिशवीतून तो काढला आणि टेबलावर, त्यांच्या कपबशीशेजारी ठेवला.

सचिव पुढे वाकले. "अगं, हा फोटोचा आहे."

"होय सर."

"मग ही वाफ?"

"ती फोटोंचीच आहे. एकामागून एक."

"म्हणजे हे चित्रण नाहीच! हे फोटो आहेत. नियम सात."

मी उभा राहिलो आणि नियम सातमधील कारण वाचून दाखवले. तपशील पुरतो की नाही हे परीक्षकांनी आत्ताच सांगितले आहे, ते मी त्यांच्याच शब्दांत पुन्हा म्हणून दाखवले. परीक्षकांनी मफलर सारखा केला. "आता नीट आठवलं तर... हालचालीत जरा अडखळणं जाणवतं खरं."

"चहा घेण्याआधी ते धाडस होते," मी म्हणालो.

"काका, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. फोटो असतील तर छायाचित्र विभाग आहे की आपला."

"त्याचा नियम काय?"

सचिवांनी मुद्दाम संथपणे सांगितले, "एका स्पर्धकाचे एकच छायाचित्र."

तेव्हा समितीचे मत असे झाले. हे यंत्र फोटोचे, म्हणून लघुपटात नको. आणि फोटो पुष्कळ, म्हणून फोटोत नको. फाटकावरचा पहारेकरी निदान एका निर्णयावर ठाम होता. तो पगारी होता, मानद नव्हता.

मी विचारले की सिनेमा म्हणजे पुष्कळ फोटो एकामागून एक, याखेरीज दुसरे काय असते. सचिव म्हणाले, हा तात्त्विक प्रश्न आहे आणि पुढचा लघुपट लावायचा आहे.

बाहेर आलो. दस्तगीरभाई उठून उभे राहिले आणि आमच्या ओठांकडे पाहू लागले. ऋचा दुसरीकडे बघत राहिली. मी वही काढली. 'नियम सात' एवढेच लिहिले आणि खोडले. त्यांनीच माझ्या हातावर थाप मारली, मी बॉयलरघरात मारली होती तशी.

"न्हाय झालं व्हय?"

मी मान हलवली.

"भोंगा बारका दिसला का?"

मी दोन्ही हात जितके पसरता येतील तितके पसरले. त्यांनी एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचे अंतर नजरेने मोजले. मग म्हणाले, "मग काय हरकत होती त्येंची?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते समितीजवळ आहे, आणि म्हणून हे सर्व लिहिले.

छायाचित्रणाचा कॅमेरा सिनेमाच्या कामाचा आहे की नाही, यावर माझे निरीक्षण असे. तो पळत्या खांबांना वाकवतो. त्याने टिपलेला आवाज ऐकवत नाही. भाषण लांबले तर तो आधी शहाणा होऊन थांबतो. पण तपशील नाही, हे त्याच्याबद्दल कोणी म्हणू नये. तपशिलाच्या बाबतीत तो परीक्षकांच्या पुढे आहे.

मागणी एकच. समितीने त्याच सभागृहात, दारे उघडी ठेवून, ऋचाचा लघुपट आणि रविवारी ज्यास पहिले बक्षीस दिले तो लघुपट, असे दोन्ही, कोणता कॅमेरा वापरला ते न सांगता, एकापाठोपाठ लावावेत. दुसऱ्या लघुपटाचा कॅमेरा मोठा होता, मागे छत्री धरणारा माणूसही होता म्हणतात. परीक्षकांनी सर्वांसमोर सांगावे की कोणता तपशील पडद्यास पुरला आणि कोणता पुरला नाही. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दस्तगीरभाईंची.

आणि 'तुमची काय हरकत होती' याचे उत्तर मला टपालाने पाठवू नये. माईकवरूनही सांगू नये. ते त्याच पडद्यावर लावावे, पडदाभर अक्षरांत. ज्याला ते द्यायचे आहे त्याला ऐकू येत नाही, आणि बारीक अक्षर आता त्याला दिसत नाही.